हब हलका, पण बसणार का?

मुलामुलींनो (आणि पाकीट ज्यांच्या खिशात असते ते पालकहो),

दिवाळीच्या सुमारास चँडलरचा उन्हाळा ओसरतो आणि सॅन टॅन, साउथ माउंटनच्या पायवाटांवर सायकली दिसू लागतात. त्याबरोबर घरोघरी मागणीही येते, "बाबा, हलकी चाके हवीत!" मागणी रास्त आहे, पण वजनकाट्याआधी मोजपट्टी काढावी.

हब म्हणजे चाकाचा मधला भाग. बैलगाडीच्या चाकात त्यालाच तुंबा म्हणतात. मागच्या हबला खाचा असलेले एक नळकांडे असते, ते फ्रीहब. त्यावर दातेरी चक्रांचा गठ्ठा, म्हणजे कॅसेट, सरकवून बसवतात. घोळ होतो तो इथेच. शिमानोच्या जुन्या 'एचजी' फ्रीहबवर सर्वांत लहान चक्र साधारणपणे ११ दात्यांचे असते, १० दात्यांचे त्यावर मावत नाही. म्हणून स्रॅमने २०१२ मध्ये 'एक्सडी' आणि शिमानोने २०१८ मध्ये 'मायक्रो स्प्लाइन' आणले. एकाची कॅसेट दुसऱ्यावर बसत नाही.

फ्रेमचे मापही जुळायला हवे. मागे जुन्या सायकलींत १३५ किंवा १४२ मिलिमीटर, नव्या 'बूस्ट' फ्रेममध्ये १४८. शिवाय हबला जितकी भोके तितकीच रिमला हवीत, २८ किंवा ३२.

आता थोडे गणित. पुढे ३२ दाते, मागे ५१. पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ३२ भागिले ५१, म्हणजे सुमारे ०.६३ फेरा फिरते. म्हणून खडकाळ चढ झेपतो. १०-५१ आणि ११-५१ या दोन्ही कॅसेटमध्ये मोठे चक्र ५१ चेच, तेव्हा चढावर काडीचाही फरक नाही! फरक पडतो तो सपाटीवर. तिथे ११ दात्यांवर कमाल वेग सुमारे ९ टक्के कमी. शिमानोची डिओर ११ गियरची ११-५१ कॅसेट जुन्या एचजी हबवरच बसते. म्हणजे चाके धड असतील तर नवा हब लागतच नाही. मात्र शिफ्टर, डिरेल्युअर आणि साखळी तिला जुळणारी घ्यावी लागते.

आणि वजन? हब चाकाच्या मध्याशी असतो, त्यामुळे त्याचे वजन फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही. तेच वजन टायरवर असेल तर वेग घेताना जवळपास दुप्पट जाणवते. म्हणून महागड्या हबपेक्षा पैसे रिम-टायरवर घालवावेत. कॅसेटचेच पाहा. १०-५१ मध्ये डिओर सुमारे ६०० ग्रॅम, एक्सटीआर सुमारे ३७०, पण किंमत कितीतरी पट. वाढत्या मुलासाठी मी तरी ती घेणार नाही. अ‍ॅल्युमिनियमचा एचजी फ्रीहब हलका खरा, पण पोलादी सुटी चक्रे त्यात रुततात आणि मग कॅसेट काढताना घाम फुटतो.

टायर हलका हवा म्हणून फार पातळही नको. इथले काटे कोणाची गय करत नाहीत. ट्यूब काढून आत सीलंट घालणे बरे, पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकते, अधूनमधून पाहावे लागते.

दुकानात जाताना फ्रेमचे माप, फ्रीहबचे नाव आणि भोकांची संख्या वहीत उतरवून न्या. मराठीत लिहिलेत तर उत्तम, फक्त दुकानदाराला वाचून दाखवावे लागेल.