मोडलेल्या पुलाचा पंचनामा

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद व बसवकल्याण हे तालुके आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुका निजामाच्या अमदानीपासून मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषांत आपला व्यवहार करीत आले आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, तरी मराठी माध्यमाच्या शाळा तेथे चालूच राहिल्या. अशाच एका शाळेत सातवीच्या वर्गाला पुलाची रचना आणि बांधकामाचे स्थैर्य हा विषय शिकविण्याचे काम मी काही काळ केले. प्रयोगशाळा म्हणावी अशी खोली तेथे नव्हती. परंतु सुगीनंतर गावात ज्वारीच्या धाटांना आणि बाभळीच्या काट्यांना तोटा नसतो, आणि त्या दोहोंपासून खेळातली बैलगाडी करण्यात येथील मुलांचा हात इतका बसलेला असतो की, जोड कोठे घट्ट राहतो आणि धाट कोठे चिरते हे त्यांना शिक्षकाहून अधिक ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच की, भार वस्तूवर नुसता बसून राहत नाही. तो वाट काढीत जमिनीपर्यंत उतरतो, आणि बांधणाऱ्याचे सारे कौशल्य त्या वाटेची तजवीज करण्यात असते.

दोन बाकांमध्ये दीड हात अंतर ठेवून त्यावर पूल बांधा, असे फर्मावले की पहिल्या दिवशी बहुतेक गट धाटांची मोळी बांधून ती आडवी टाकतात, कारण जे जाड ते मजबूत ही समजूत घराच्या भिंतींपासून गाडीच्या जुवापर्यंत सर्वत्र त्यांनी पाहिलेली असते. मोळीच्या मध्यावर डबा टांगून त्यात ओंजळीने वाळू ओतू लागावे, म्हणजे मोळी प्रथम हळूहळू वाकते आणि मग अकस्मात कडकड करीत बसते. त्यानंतर पंचनामा सुरू होतो. एकाने मोळी सोडवायची, दुसऱ्याने प्रत्येक धाट तपासून सांगायचे, तिसऱ्याने वहीत नोंद करायची, आणि शेवटी सर्वांनी सह्या करायच्या. खालच्या अंगाची धाटे तंतू ओढले जाऊन फाटलेली असतात, वरच्या अंगाची चेपून दुमडलेली असतात. पोटातली मात्र बहुधा धड निघतात. मग ही एवढी धाटे घातली कशासाठी, असा प्रश्न कोणीतरी हटकून विचारतो, आणि त्या प्रश्नापाशी धडा खऱ्या अर्थाने सुरू होतो. वरती दाब, खालती ताण आणि मध्ये दोहोंपैकी फारसे काही नाही. तर मग मधला भरणा काढून वरची व खालची धाटे एकमेकांपासून दूर का नेऊ नयेत?

दूर नेली की चौकट होते, आणि काट्यांनी टाचलेली चौकट बोटाच्या धक्क्याने कलते. तिच्यात एक तिरपे धाट घातले की ती हलत नाही, कारण तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोणाचा आकारही ठरून जातो. भूमितीच्या तासाला पाठ केलेली ही गोष्ट येथे प्रथमच बोटांना पटते. यापुढची युक्ती मला सर्वांत उपयोगी वाटली. तिरपे धाट काढून त्या जागी सुतळी बांधायची. सुतळी ओढू शकते, रेटू शकत नाही. वरच्या बाहेरील कोपऱ्यातून पुलाच्या मध्याकडे खाली उतरणारी सुतळी भार पडताच ताठ होते आणि पूल उभा राहतो. तीच सुतळी खालच्या बाहेरील कोपऱ्यातून मध्याकडे वर चढणारी बांधली तर ती सैल लोंबते आणि पूल कलंडतो. ताण कोठे आहे आणि दाब कोठे आहे, हे सुतळी एकही समीकरण न मांडता सांगून जाते.

दगडाचा स्वभाव निराळा. तो दाब बिनतक्रार सोसतो, परंतु ताणाखाली लवकर तडकतो. म्हणून त्याच्याकडून रुंद अंतर ओलांडून घ्यायचे तर कमानीचा अवलंब करावा लागतो. वाळलेल्या मातीच्या पाचरांची कमान रचून खालचा आधार काढला की तिची टोके बाहेर सरकू लागतात, दोन मुलांना दोन्ही बाजूंनी तळवे टेकून बसावे लागते, आणि कमान खाली दाबते तशी बाहेरही रेटते हे त्यांच्या मनगटांना कळते. कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ सालची जामा मशीद या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कझवीनच्या रफी या स्थपतीने मधले अंगणही उघडे न ठेवता, सुमारे २१६ फूट लांब आणि १७६ फूट रुंद अशी सबंध इमारत छताखाली घेतली. ओळीतल्या शेजारच्या कमानी एकमेकींचा रेटा तोलतात. पण ओळीतल्या शेवटच्या कमानीचा रेटा कोण घेतो, एवढा एकच प्रश्न देऊन मुलांना तेथे सोडावे. बीदरचा महमूद गावानचा मदरसा १४७२ चा. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात त्याचा आग्नेयेकडील भाग दर्शनी मनोऱ्यांपैकी एकासह नाहीसा झाला, आणि जे अभ्यासकाला एरवी कधी दिसत नाही ते, म्हणजे तीन मजली इमारतीचे अंतरंग, तेथे उघडे पडले. भिंतीची जाडी, कमानीची बैठक, मजल्यावर मजला कसा टेकतो, हे सारे मुले तेथे बोटाने दाखवू शकतात.

तथापि, जाडीवरचा विश्वास या वास्तूंनी उडत नाही, उलट दृढच होतो. तो उडविण्यास शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा दाखला द्यावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात तेथील घरे कोसळली, ती भिंती पातळ होत्या म्हणून नव्हे. दगडमातीच्या त्या भिंती चांगल्या रुंद होत्या, वर माळवदाचे जड ओझे होते. पण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला आरपार सांधणारे लांब दगड बहुधा नव्हते, आणि चारही भिंतींना एकत्र बांधणारी पट्टी नव्हती. उभा भार पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे उतरत होता. आडवा धक्का आला तेव्हा त्याला वाट नव्हती. हे ऐकताना वर्ग गप्प असतो, कारण बहुतेकांच्या घरी त्या पहाटेची आठवण सांगणारे कोणीतरी असते.

आजवर भार पेलला एवढ्यावरून बांधकाम कोठे मोडेल हे कळत नाही. म्हणून गुणदानाचा माझा नियम असा होता की, वाळू ओतण्यापूर्वीच प्रत्येक गटाने आपला पूल कोठे आणि का मोडेल हे वहीत लिहून त्या जागी लाल खूण करावी, आणि निम्मे गुण त्या भाकितास असावेत. एका खेपेस मुलींच्या एका गटाचा पूल लवकर मोडला, परंतु नेमका खुणेवर मोडला, आणि सर्वाधिक वाळू पेललेला मुलांचा पूल भलत्याच सांध्यात उकलला. गुण ऐकताच तक्रार आली.

“आमच्या पुलानं लई वजन पेललं की, सर.”

“पेललं खरं. पण पुन्हा असाच बांधलास, तर त्यावरून भरलेली गाडी न्यायची की नाही, हे तू कशावरून सांगशील?”

तो थोडा वेळ उकललेल्या सांध्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “वही द्या, सर. पंचनाम्यात एक ओळ राहिलीय.” काटा टोचताना धाट उभे चिरले होते आणि ते त्याने तेव्हाच पाहिले होते, असे त्या ओळीत लिहिलेले होते. तिचे गुण मी त्याला दिले.