अपुऱ्या दिवसांचें मूल आणि डोक्यांतील पाणी

गेल्या वर्षीं पुतण्याच्या पत्नीस पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं पाठविण्याचें ठरलें. डोहाळजेवण आटोपलें होतें, सातवा महिना चालू होता. निघण्याचा दिवस पंचांग पाहून मींच काढून दिला. माहेर तालुक्याच्या गांवीं. तेथें पोंचून आठ दिवसही झाले नव्हते, तोंच अठ्ठाविसाव्या आठवड्यांत एका रात्रीं कळा सुरू झाल्या आणि पहांटे मुलगा झाला. वजन अकराशें ग्रॅम. अशा मुलांची सोय असलेलें रुग्णालय तेथून नव्वद किलोमीटरांवर. रुग्णवाहिकेंतून त्याला तिकडे हलविलें. तिसऱ्या दिवशीं टाळूवर सोनोग्राफीचें यंत्र ठेवून पाहतां मेंदूच्या पोकळ्यांत रक्तस्राव झालेला आढळला. डॉक्टर म्हणाले, "मूल आज स्थिर आहे. परंतु पुढील तीन-चार आठवडे डोक्यांत पाणी सांठतें कीं काय, यावर नजर ठेवावी लागेल."

दहाबारा माणसांच्या घरांत कारणांचा तोटा कधींच पडत नाहीं. कोणी म्हणालें, बसचा प्रवास बाधला. कोणी म्हणालें, हिनें ग्रहण पाळलें नाहीं. कोणास तिचें जिने चढणें आठवलें. ती बिचारी हें सर्व ऐकून घेत होती. मला माझ्या पंचांगाची टोंचणी लागलीच होती. म्हणून डॉक्टरांना जें विचारलें आणि पुढें जें वाचून पडताळून पाहिलें, तें येथें मांडीत आहें. असा धोका कशानें वाढतो हें कळलें, म्हणजे कशानें वाढत नाहीं हेंही कळतें. आणि आमच्या घरांत त्याचीच अधिक गरज होती.

मेंदूंत चार पोकळ्या असून त्यांत पाण्यासारखा स्वच्छ मस्तिष्कमेरुद्रव अखंड झिरपत असतो. मोठ्या माणसांत दिवसाकाठीं सुमारें अर्धा लिटर द्रव तयार होतो. पण एका वेळीं आंत असतो तो अवघा दीडशें मिलिलिटर. म्हणजे हें पाणी दिवसांतून तीनचार वेळां बदलतें. तें एका अरुंद नळींतून चौथ्या पोकळींत उतरतें, तेथून बाहेर पडून मेंदूच्या आवरणांखालीं पसरतें आणि अखेर रक्तांत शोषलें जातें. भरणा चालू राहून निचरा तुंबला कीं हौदाचें जें होतें तेंच येथें होतें. यालाच जलशीर्ष म्हणतात.

आतां रक्त येतें कोठून? गर्भाच्या मेंदूंत, बाजूच्या पोकळ्यांच्या तळाशीं, नव्या पेशींचा एक वाफा असतो. कोंकणांतील वाचकांनीं भाताचा तरवा डोळ्यांपुढें आणावा. तेथें पेशी दाट उगवतात आणि मग मेंदूच्या निरनिराळ्या भागांत जाऊन रुजतात. लावणी संपली कीं तरवा मोकळा होतो. तसा हा वाफाही चौतीस-छत्तीस आठवड्यांच्या सुमारास विरून जातो. तोंवर मात्र त्यांतील रक्तवाहिन्यांच्या भिंती अत्यंत नाजूक असतात. शिवाय इतक्या लहान जिवाच्या मेंदूला रक्ताचा दाब आपला आपण सांवरतां येत नाहीं. श्वास अडला, दाब एकाएकीं चढला वा उतरला, कीं त्याचा धक्का थेट त्या वाहिन्यांना बसतो. बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच होतात, ते यामुळें.

येथें एका जुन्या समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. सातव्या महिन्याचें मूल जगतें, आठव्याचें जगत नाहीं, असें आपल्या वडीलधाऱ्या बायका म्हणत. चरक आणि सुश्रुत या दोघांच्याही शारीरस्थानांत आठव्या महिन्यांत ओज अस्थिर असतें, असें सांगून त्या महिन्यांतील जन्म अशुभ ठरविला आहे. ज्या ग्रंथांपुढें जन्मभर मस्तक नमविलें, त्यांच्याविषयीं हें लिहितांना जड जातें. परंतु येथें त्यांचें मत मान्य करतां येत नाहीं. पोटांत काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक तो वाफा ओसरत जातो आणि धोका उतरत जातो. आठव्या महिन्याचें मूल सातव्याच्या मुलापेक्षां सर्वच दृष्टींनीं सुरक्षित असतें.

अमेरिकेंतील लू-ॲन पपाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. दीड किलोपेक्षां कमी वजनाच्या ४६ मुलांच्या मेंदूचीं चित्रें त्यांनीं घेतलीं. त्यांपैकीं २० मुलांत रक्तस्राव आढळला. जीं २९ मुलें जगलीं त्यांतील नऊ जणांना तो झाला होता, आणि त्या नवांपैकीं सातांत बाहेरून कांहींही लक्षण दिसलें नव्हतें! आज अशा मुलांची सोनोग्राफी लक्षणांची वाट न पाहतां करतात, तें यासाठींच. त्यांनीं रक्तस्रावाच्या चार प्रती ठरविल्या, त्या अजून वापरांत आहेत. पहिलींत रक्त वाफ्यापुरतेंच असतें. दुसरींत तें पोकळींत उतरतें. तिसरींत पोकळी रक्तानें फुगते. चौथींत शेजारच्या मेंदूसही इजा झालेली असते. जलशीर्ष झालें तें तिसऱ्या-चौथ्या प्रतीच्या मुलांतच. पुढील अभ्यासांनीं सौम्य प्रतींतही क्वचित् होतें असें दाखविलें. तथापि किती रक्त सांडलें, हाच आजही पाणी सांठण्याचा सर्वांत मोठा निदर्शक आहे. गुठळ्या प्रथम वाट अडवितात. मग रक्ताच्या अवशेषांनीं दाह होऊन शोषणाच्या जागा चिकटून जातात. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत तर असें दिसलें कीं त्या दाहानें द्रवाचा भरणाही वाढतो.

दुसरें कारण आठवड्यांचें: मूल जितकें अपुरें, तितका धोका अधिक. श्वासासाठीं यंत्राचा आधार लागणें, रक्तदाब टिकविण्यास औषधें लागणें, रक्तांत जंतुसंसर्ग होणें, हीं त्यापुढचीं. आणि एक कारण असें निघालें कीं तें ऐकून आमच्या दिवाणखान्यांत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. जन्म एका ठिकाणीं होऊन मग मुलाला दुसरीकडे हलवावें लागणें, हाही धोका आहे. डॉक्टर म्हणाले, "तिच्या बसचा प्रवास कोणत्याही यादींत नाहीं. तेच नव्वद किलोमीटर बाळानें आईच्या पोटांत काटले असते, तर बरें झालें असतें." ग्रहण आणि जिने यांना तर त्यांनीं उत्तरही दिलें नाहीं.

मीं दिवस पाहिला होता. त्या गांवीं अपुऱ्या दिवसांच्या मुलांची सोय आहे कीं नाहीं, तें पाहिलें नव्हतें.

न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं अकालीं प्रसूतीचा संभव दिसतांच आईला स्टेरॉइडचें इंजेक्शन दिल्यास मुलाच्या फुप्फुसांना बळ येतें. त्यानेंच मेंदूंतील रक्तस्रावही कमी होतो, असें पुढें ठरलें. भारतासह पांच देशांत झालेल्या आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत या इंजेक्शनानें नवजात मुलांचे मृत्यु घटले. औषध स्वस्त आहे. पण त्याचें पुरतें फळ मिळण्यास सुमारें चोवीस तास लागतात. आमच्या सुनेला तें मिळालें खरें, परंतु त्यानंतर पांच तासांतच प्रसूति झाली. आदल्या दुपारपासून कंबर थांबून थांबून दुखते, असें ती सांगत होती. घरांतील बायकांनीं ओव्याचा शेक दिला आणि पहिलटकरणीला असें होतेंच म्हणून धीर दिला. हें मी व्याह्यांना नांवें ठेवण्यासाठीं लिहीत नाहीं. ती आमच्या घरीं असती, तर आम्हींही तोच शेक दिला असता.

बाळाचा रक्तस्राव तिसऱ्या प्रतीचा होता. तो थांबला तेव्हां आम्हांस वाटलें, सुटलों. पाणी मात्र पुढें एक ते तीन आठवड्यांत वाढूं लागतें. अशा मुलाचें डोकें आठवड्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढावें. दोनांहून अधिक वाढलें तर तें चिन्ह वाईट. त्यांतही अडचण अशी कीं तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे सैल असल्यानें पोकळ्या आधीं फुगतात आणि डोकें मागाहून वाढतें. म्हणून केवळ टेपेवर विसंबतां येत नाहीं. सोनोग्राफी पुनः पुनः करावी लागते. मोठें डोकें बुद्धिमत्तेचें लक्षण, असें कौतुक करणारे आमच्याकडेही निघाले.

पाणी औषधानें आटवितां येणार नाहीं काय, असें मीं विचारलें. द्रव कमी करणारीं दोन औषधें पूर्वीं देत असत. १९९८ सालीं त्यांच्या चांचणीचा निकाल आला, तेव्हां औषध दिलेल्या मुलांचीच स्थिति अधिक वाईट झालेली दिसली, आणि तो उपाय मागें पडला. कित्येक मुलांत पोकळ्यांची वाढ आपोआपही थांबते. आमच्या बाळाची थांबली नाहीं. प्रथम टाळूजवळ त्वचेखालीं एक लहानशी डबी बसवून तींतून सुईनें पाणी काढीत. वजन दोन किलोंवर गेल्यावर शंट घातली. शंट म्हणजे डोक्यांतील जास्त पाणी त्वचेखालून पोटांत नेणारी झडपेची नळी. अशी एक झडप १९५६ च्या सुमारास अमेरिकेंतील जॉन होल्टर नामक कारागिरानें बनविली; त्याच्या स्वतःच्या मुलाला जलशीर्ष होतें. आमच्या बाळाची नळी उत्तर प्रदेशांतील शहाजहानपूरची, छाब्रा शंट. युगांडांतील मुलांत एका नामांकित परदेशी शंटशीं तिची तुलना झाली होती. २००५ च्या त्या अहवालांत वर्षाअखेर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाहीं. किमतींत मात्र फार.

शंट घातली म्हणजे काम संपलें असें नव्हे. ती तुंबूं शकते. मूल वारंवार ओकूं लागलें, फार झोंपाळू झालें, डोळे खालीं ओढल्यासारखे दिसूं लागले किंवा निजलेलें नसून बसतें धरलें असतांही टाळू ताठ लागली, तर रात्र असो वा सण असो, निघावयाचें. माझ्या वहिनींनीं घरांतील अकरा मुलांची टाळू भरली आहे. आतां त्यांना तेल चोळण्याची मनाई आहे. पण रोज सकाळीं बाळाला मांडीवर उभें धरून त्या बोटाच्या टोकानें टाळू हलकेंच पाहतात आणि मला नुसतें "मऊ आहे" एवढें सांगतात. मी वहींत तारीख घालून तें लिहितों. दर सोमवारीं डोक्याचा घेर मोजून आलेखाच्या कागदावर टिंब देण्याचें काम बाळाच्या आईनें स्वतःकडे घेतलें आहे. परवांचें टिंब रेषेच्या आंत होतें.