पहिली फेल्ट हॅट निवडताना

फेल्ट म्हणजे न विणता तयार होणारे कापड. गरम पाणी, वाफ आणि दाब यांमुळे केसांवरील सूक्ष्म खवले एकमेकांत गुंततात आणि त्यांचा घट्ट थर बनतो. इटलीतील आलेस्सांद्रिया येथे 1857 साली स्थापन झालेल्या बोर्सालिनो या कारखान्याने ज्या हॅटवर कीर्ती मिळवली, ती सशाच्या किंवा बीव्हरच्या त्वचेलगतच्या मऊ लवेची असते. मेंढीच्या लोकरीची हॅट स्वस्त पडते खरी, पण भिजल्यावर ती लवकर आकसते आणि तिचा आकार बिघडतो. म्हणून हिवाळाभर वापरायची असेल, तर थोडे अधिक पैसे मोजून लवेचीच घेणे हिताचे.

युरोपीय मापे डोक्याच्या घेरावरून सेंटिमीटरमध्ये दिली जात असल्यामुळे कानांच्या किंचित वरून, कपाळाच्या मध्यावरून फीत फिरवून तो आधी मोजावा. चांगला फेल्ट हाताला दाट तरीही लवचिक लागतो, आणि त्याची कड हलकेच वाकवून सोडली की पूर्ववत होते. घामपट्टी, म्हणजे आतून कपाळाला टेकणारा पट्टा, चामड्याची व शिवलेली असावी. दोन मापांत निर्णय होत नसेल तर मोठे घ्यावे, कारण घामपट्टीमागे पातळ पट्टी सारून ते नेमके बसवता येते, तर घट्ट हॅट कपाळावर वळ उठवते.