बोलून झाल्यावरची शंका

नव्या माणसाशी गप्पा मारून घरी आलं की मन उगाळत बसतं: जरा जास्तच बोललो का? कंटाळा तर आला नसेल? मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी, गस कूनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हीच शंका तपासली. नुकतीच ओळख झालेल्या दोघांना बोलू दिलं आणि मग प्रत्येकाला वेगळं विचारलं, समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल? स्वतःबद्दलचा अंदाज सरासरीने कमीच निघाला. येल विद्यापीठाच्या वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला. आपण स्वतःच्या चुका मोजण्यात गुंतलेले असतो. समोरच्याचं हसू नजरेतून सुटतं.

लक्ष तिकडे वळवायचा सोपा मार्ग म्हणजे उपप्रश्न, समोरच्याच्या बोलण्यातूनच निघणारा पुढचा प्रश्न. हार्वर्ड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात उपप्रश्न विचारणारे लोक जास्त आवडते ठरले. कुणी म्हणालं, “मी मूळची चिपळूणची,” तर “आम्हीही गेलो होतो” असं सांगत आपलीच सहल सुरू करण्यापेक्षा “मग गणपतीला जाता का गावी?” असं विचारावं. पगार किती, लग्न कधी, या चौकश्या मात्र यात धरू नयेत. त्या समोरच्याच्या बोलण्यातून निघत नाहीत, आपण घरूनच घेऊन आलेलो असतो.