चंद्राच्या हिशेबाने दोन वर्षांची

२०२२ साली २ एप्रिलला गुढीपाडवा होता. त्याच दिवशी राज्यातले करोनाचे निर्बंध उठले आणि त्याच संध्याकाळी रमजानचा चंद्र दिसला. मिरजेतल्या एका गल्लीत माणसं बऱ्याच दिवसांनी मास्कशिवाय, एकमेकांना खेटून आकाशाकडे बघत उभी होती. शेजारच्या काकूंनी गळ्यात घातलेली साखरेची गाठी चाटत एक चिमुरडीही वडिलांच्या खांद्यावरून चंद्र शोधत होती. 'चांद कुठंय' विचारलं की ती ठामपणे रस्त्यावरच्या दिव्याकडे बोट करायची.

तिचा जन्म टाळेबंदीतला. २०२० सालच्या रमजानमधल्या विसाव्या रोज्याचा, म्हणजे १४ मेचा. दवाखान्यात बाळंतिणीजवळ एकाच माणसाला थांबायची परवानगी होती. वडिलांची रिक्षा मिरज स्टेशनवर चालते, पण तेव्हा प्रवासी गाड्याच बंद होत्या, त्यामुळे रिक्षा दारात आणि वडील घरात. अकिका झाला तो घरच्या घरी. नातेवाइकांनी बाळ पाहिलं ते मोबाइलच्या पडद्यावर. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली आणि एप्रिलमध्ये दादा गेले. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. पोर तेव्हा अकरा महिन्यांची होती. दादांची तिला आठवण असणं शक्य नाही, पण त्यांची तसबीह तिच्या खेळण्यात आहे. मणी ओढून ओढून तिनं दोरा दोनदा तोडला आणि दादीनं तो दोन्ही वेळा काही न बोलता पुन्हा ओवला.

अशा मुलांचं जग थोडं वेगळं घडलंय, हे या महिन्यात घरोघरी जाणवतंय. या पोरीपुढे कुणी छोटी बाटली धरली की ती दोन्ही तळवे पुढे करते आणि मग एकमेकांवर चोळते. पहिल्या जुम्म्याला मामानं अत्तराची कुपी उघडली, तेव्हाही तिनं तेच केलं. गर्दी तिला माहीत नाही. इफ्तारीला पंधरा माणसं एका दस्तरखानावर बसलेली पाहून ती आधी दाराआड गेली, मग हळूच आली आणि सगळ्यात मोठ्या दाढीच्या पाहुण्याच्या ताटातलं कलिंगड उचलून पसार झाली. लाजणं आणि भीती यांत दोन वर्षांच्या मुलांना फारसा फरक करता येत नाही. भूक मात्र बरोबर कळते.

या घरात यंदा खरा प्रश्न होता तो आईच्या रोज्यांचा.

पोर अजून अंगावर पिते. २०२० च्या रमजानात आई आधी गरोदर आणि मग बाळंतीण. तीसच्या तीस रोजे सुटले. २०२१ मध्ये बाळ पूर्णपणे तिच्या दुधावर. तेही तीस सुटले. आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणाने रोज्याची सवलत दिली आहे, ती रोजे नंतर भरून काढायच्या बोलीवर. स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीला धोका वाटत असेल तर गरोदर आणि दूध पाजणाऱ्या स्त्रीलाही ही सवलत आहे, असं हदीसच्या आधारे धर्मशास्त्रकार सांगतात. घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी. त्यांच्यात अशा स्त्रीनं सुटलेले रोजे नंतर ठेवले की झालं. याला कजा म्हणतात. कोकणातले मुसलमान शाफई. त्यांच्यात केवळ बाळाच्या काळजीनं रोजा सोडला असेल, तर कजाच्या जोडीला गरिबाला अन्नदानही करायचं असतं. थोडक्यात, ही सूट म्हणजे कुणी डोळेझाक केलेली पळवाट नाही. तो नियमाचाच भाग आहे.

पण नियम किताबात असतो आणि बाई स्वयंपाकघरात. रोजा नसलेली बाई रमजानात जेवते कशी, हे पाहायचं तर ओट्याच्या कोपऱ्यात पाहावं. दाराकडे पाठ करून, उभ्या उभ्या, चार घासांत जेवण उरकलं जातं. घरात सासरे-दीर असतील तर तेवढंही जमत नाही. पाणीसुद्धा मोरीत जाऊन प्यावं लागतं. रोजेदारांसमोर खाऊ नये हा अदब झाला, तो ठीकच. पण त्या अदबीची लाज कधी होते आणि लाजेपायी दूध पाजणारी बाई दिवसभर उपाशी कधी राहते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. संध्याकाळी तिनंच तळलेली भजी खाताना तर नाहीच नाही.

या घरात ही लपवाछपवी पोरीनंच संपवली. पहिल्या आठवड्यात एका दुपारी दोघी-तिघी नातेवाईक बायका भेटायला आल्या होत्या. आई आत भाकरी खात होती. पोरीनं ताटातला तुकडा उचलला, 'अंमी मम्मम' असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात जाहीर केलं आणि तो तुकडा बाहेर नेऊन पाहुण्यांपुढे धरला. क्षणभर कुणी बोललं नाही. मग दादी म्हणाली, तिचं दूध चालू आहे, जेवू दे तिला. तेव्हापासून आई दुपारी बसून जेवते.

अर्थात हे जेवणं रोजचं नव्हतं. यंदा रोजे ठेवायचेच, असं आईनं मनाशी धरलं होतं. दोन वर्षं घरात रोजे चाललेत आणि आपण बाजूला आहोत, याचं तिला वाईट वाटायचं. साठ रोज्यांचं देणं होतं ते वेगळंच. थंडीत दिवस लहान असताना तिनं त्यातले अकरा फेडले होते. ते आकडे कालनिर्णयच्या पानांमागे पेन्सिलीनं लिहिलेले आहेत. पण एप्रिलचा रोजा डिसेंबरच्या रोज्यासारखा नसतो. २०२२ चा मार्चच देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि एप्रिलनं त्याचीच री ओढली. इथला रोजा या दिवसांत साडेतेरा ते चौदा तासांचा. वर पत्रे असलेल्या घरात दुपारी तीन वाजता, वीज गेलेली असताना, पाण्याचा घोट न घेता अंगावरच्या मुलाला झोपवायचं, हे काम ज्यानं केलं नाही त्यानं त्यावर मत न दिलेलं बरं.

पहिले तीन रोजे पार पडले. चौथ्या दिवशी दुपारनंतर आईचं डोकं गरगरू लागलं. दूध कमी आलं, पोर चिडचिडली, चावली. त्या संध्याकाळी दूध तोडण्याचा विषय निघाला.

दादीचं म्हणणं साधं होतं. कुराणात आयांनी मुलांना पूर्ण दोन वर्षं पाजावं असं आहे, आणि ती दोन वर्षं मोजायची चंद्राच्या हिशेबाने. चांद्रवर्ष इंग्रजी वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे विसाव्या रोज्याला जन्मलेली पोर विसाव्या रोज्यालाच, म्हणजे २०२२ मध्ये २२ एप्रिलला दोन वर्षांची होणार. आईचं बोट मात्र १४ मेवर. मधे बावीस दिवसांचं अंतर. बाहेरून पाहणाऱ्याला ही नुसती गंमत वाटेल, पण दूध तोडायच्या वेळी बावीस दिवस म्हणजे फार मोठा काळ असतो. दादीकडे उपायही तयार होता, तिच्या आईनं वापरलेला आणि तिनं स्वतः वापरलेला: कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा. मूल एकदा तोंड कडू करून घेतं आणि सोडतं. पाडव्याला काकूंकडून आलेली डहाळी दाराला अजून वाळत होती, त्यामुळे सामग्रीसाठी लांब जायची गरज नव्हती.

आईनं ते नको म्हटलं. आजवर ज्या जागी पोरीला सगळी समजूत मिळाली, ती जागा एका रात्रीत कडू करायची तिची तयारी नव्हती.

कुराणाच्या ज्या आयतीत दोन वर्षांचा उल्लेख आहे, तिचा पुढचा भाग घरांत कमी सांगितला जातो. आईवडील दोघांनी आपसांतल्या राजीखुशीनं आणि सल्लामसलतीनं मुदतीआधी दूध तोडायचं ठरवलं, तर त्यांच्यावर दोष नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ही गोष्ट एकट्या बाईवर टाकलेली नाही, आणि सासू-शेजारणींवर तर नाहीच. बापानं त्यात बसायचं आहे. रिक्षावाला बाप पाचव्या रात्री सहेरीनंतर तसा बसला. फजरच्या अजानआधीच्या त्या पंधरा मिनिटांत ठरलं ते असं: पाजणं एकदम तोडायचं नाही, आधी दुपारचं, मग सकाळचं कमी करायचं. तोवर ज्या दिवशी जमेल त्या दिवशी रोजा, न जमेल त्या दिवशी नाही. आणि दुपारी दोन ते चार रिक्षा स्टँडवर न ठेवता घरी आणायची. त्या वेळी पोर बापाकडे.

या शेवटच्या कलमाची किंमत रोजची दोन-तीन भाडी आहे. दोन वर्षं धंदा बसलेल्या घरात ही रक्कम लहान नाही.

तरावीहचा गुंता मात्र कुणाच्या ध्यानात आला नव्हता. बंदीच्या दोन्ही रमजानात मशिदीत जाता येत नव्हतं, म्हणून घरोघरी जमात उभी राहायची. पुढे बाप, मागे दादी आणि आई. कित्येक घरांतल्या बायकांनी तरावीहची नमाज जमातीनं पढली ती त्या दोन वर्षांत पहिल्यांदा. नंतर मशिदी उघडल्या तरी या घरातली इशा रिक्षाच्या वेळांमुळे बहुतेकदा घरीच व्हायची. पोरीनं तेच पाहिलेलं. २०२२ मध्ये पुरुष मशिदीत परतले, आणि त्यांनी परतावं हे योग्यच. सफ खांद्याला खांदा लावून भरलेली पाहून म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. पण पहिल्या रात्री बाप टोपी घालून बाहेर पडला तेव्हा पोरीनं जानमाज ओढत आणून नेहमीच्या जागी पसरलं, त्यावर बसली आणि दाराकडे बघत राहिली. मग रडली. दीड तास रडली. आईची नमाज त्या रात्री तुकड्या-तुकड्यांत झाली.

जग उघडलं याचा आनंद सगळ्यांनाच आहे. बंद जगात घरातल्या बायकांना मिळालेली एक गोष्ट त्या उघडण्यात निसटली, हेही खरं आहे.

यावर तोड निघाली ती पैगंबरांच्या एका प्रसिद्ध प्रसंगातून. आपली नात उमामा हिला कडेवर घेऊन पैगंबर नमाजला उभे राहत. सजद्यात जाताना तिला खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. जमातीत मूल रडताना ऐकू आलं तर आईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून ते नमाज आटोपशीर करत, हेही हदीसमध्ये आलं आहे. पेशइमामांनी एका जुम्म्याला हे दोन्ही सांगितलं, तेव्हा मागच्या सफीत बापांची बरीच चुळबूळ झाली म्हणे. आता हा बाप एक दिवसाआड तरावीह घरी पढवतो. घरच्या रात्री पोर पहिल्या दोन रकातींत शहाण्यासारखी उभी राहते, तिसरीत बापाच्या पाठीवर बसते, आणि सजदा लांबतो. दादीला त्या लांबलेल्या सजद्यात गुडघे दुखतात, तेवढी एक तक्रार आहे.

विसाव्या रोज्याला, २२ एप्रिलला दादीनं खीर केली. काकूंनी रव्याचे लाडू पाठवले. वाढदिवस नक्की कधी, हे त्यांना आधी कळेना. मग त्यांनीच सांगितलं, आमच्याकडेही एक तिथीनं असतो आणि एक तारखेनं, त्यात काय एवढं. दुपारचं पाजणं तोवर सुटलं होतं. त्याच्या जागी थंड ताक, खजूर आणि बापाबरोबर रिक्षात बसून दारातल्या दारात हॉर्न वाजवणं आलं. गल्लीची दुपारची झोप त्यामुळे उडाली, पण कुणी काही म्हटलेलं नाही.

आतापर्यंतच्या सव्वीस रोज्यांपैकी आईचे तेरा झाले, तेरा सुटले. कालनिर्णयच्या मागचा हिशेब एकोणपन्नासवरून बासष्टवर गेला आहे. ती म्हणते, थंडी येईलच.

२०२२ ची ईद २ किंवा ३ मेला होणार होती. चंद्र तीस रोज्यांनंतर दिसला तर त्या दिवशी अक्षय्य तृतीयाही असणार होती, आणि काकूंच्या आमरसाला आधी बसायचं की शिरखुर्म्याला, यावर दोन्ही घरांत आधीच वाद सुरू होता. परवा इफ्तारनंतर सगळे लक्ष्मी मार्केटला गेले. गर्दीत पोर आधी बापाच्या गळ्याला घट्ट बिलगली. मग चालताना पीं-पीं वाजणारे बूट दिसले आणि खाली उतरली. ते बूट ती आता पायातून काढू देत नाही, झोपतानाही.

झोपण्याआधीचं एक पाजणं अजून चालू आहे. इमाम अबू हनिफांच्या मते मुदत अडीच वर्षांपर्यंत जाते, असं ओळखीच्या एका आलिमा बाईंनी सांगितलंय. पण आईनं १४ मे धरली आहे. दादीच्या हिशेबानं हे बावीस दिवस जास्तीचे. त्याबद्दल दादी आता काही बोलत नाही. दिवा मालवून, बूट हळूच काढून उशाशी ठेवते आणि तसबीह घेऊन बाहेर जाऊन बसते.