मातीविना शेती : माध्यम आधी पारखा, मग भांडवल लावा

वसई-विरार पट्ट्यात वाड्या कमी होत गेल्या आणि इमारती वाढल्या. केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात आज पुष्कळ लोकांजवळ जमीन नाही, पण गच्ची आहे. म्हणून मातीविना शेतीकडे, म्हणजेच हायड्रोपोनिक्सकडे, आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंचेही लक्ष वळू लागले आहे. कोणी घरच्या भाजीसाठी विचार करतो, कोणी जोडधंदा म्हणून. दोघांपुढे पहिला सवाल एकच असतो : माती नाही, तर रोप उभे कशात करायचे?

रोप ज्यात उभे राहते त्याला माध्यम म्हणतात. माध्यम रोपाला खाऊ घालत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. अन्न पाण्यात विरघळवलेल्या खतातून मिळते. माध्यमाची कामे तीनच : मुळांना आधार देणे, ओल धरणे आणि मुळांपर्यंत हवा जाऊ देणे. त्यामुळे जास्त किमतीचे माध्यम म्हणजे जास्त पीक, हा हिशेब खरा नाही.

हायड्रोपोनिक्स हे नाव कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ गेरिक यांनी १९३७ साली रूढ केले. आपल्या देशात १९४६-४७ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी बंगालमधील कालिंपाँग येथे प्रयोग केले. त्यांनी महागड्या यंत्रांमागे न लागता खडी आणि दगडाची भुकटी वापरली. जे जवळ आणि स्वस्तात मिळते त्यातून काम भागवावे, हा त्या पद्धतीचा धडा आजही उपयोगाचा आहे.

आता बाजारातला माल पाहू. सर्वांत जास्त चालते ते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. तामिळनाडूतील पोल्लाची हे त्याचे मोठे केंद्र आहे. दाबून केलेली ५ किलोची वीट भिजवली की सुमारे ७० लिटर माल होतो. ओल उत्तम धरते, वजनाला बेताचे. पण यात एक खोट असते. सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर भुशात मीठ राहते आणि रोपांच्या पानांच्या कडा करपतात. म्हणून धुतलेला माल मागावा, आणि तरीही घरी दोन-तीन पाण्यांनी धुवावा. मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा निथळावा. या प्रक्रियेने भुशाने धरून ठेवलेले सोडियम व पोटॅशियम सुटते.

पर्लाइट हा भट्टीत फुगवलेला पांढरा, हलका खनिज दाणा आहे. तो हवा खेळती ठेवतो, पण ओल कमी धरतो. म्हणून तो कोकोपीटमध्ये मिसळतात. भाजलेल्या मातीच्या गोळ्या धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतात. पाइपांतून पाणी खेळवून पालेभाजी घ्यायची असेल तर जाळीच्या पेल्यात मूठभर गोळ्या पुरतात. दगडी लोकर दगड वितळवून कातलेली असते. तिचा सामू चढा असतो, म्हणून आधी किंचित आंबट पाण्यात भिजवावी लागते. शिवाय ती कुजत नाही, त्यामुळे वापरून झाल्यावर टाकायची कुठे, हा सवाल उरतो.

रसवंतीवरचा उसाचा चोथा फुकट मिळतो, पण तो ताजा वापरू नये. तो आंबतो, दबतो आणि कुजताना रोपाचा नत्र खातो. आपल्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. वातीने पाणी चढवण्याच्या पद्धतीत पुष्कळ लोक सुती चिंध्या लावतात. सुती कापड सतत ओलात राहिले की सडते, आणि कच्चा रंग पाण्यात उतरतो. त्याऐवजी नायलॉनची किंवा अॅक्रिलिकची दोरी घ्यावी.

वसई-विरारकरांनी दोन गोष्टी खास तपासाव्यात. पहिली पाणी. खाडी आणि मिठागरे जवळ असल्याने अनेक ठिकाणी बोअरचे पाणी मचूळ असते. टँकरचे पाणीही दर खेपेला सारखे नसते. क्षार मोजणारे छोटे यंत्र घेऊन तपासावे. आकडा ५०० च्या वर गेला तर त्या पाण्यात खत बेताने बसवणे अवघड जाते. अशा वेळी पावसाचे पाणी साठवून मिसळावे.

दुसरी गोष्ट वजन. खडी किंवा विटांचे तुकडे स्वस्त खरे, पण १,००० लिटर खडीचे वजन सुमारे दीड टन भरते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारमध्ये इमारतीचा भाग कोसळून माणसे दगावली, हे आपण विसरू नये. अभियंत्याला विचारल्याशिवाय गच्चीवर खडी चढवू नये. कोकोपीटही भिजल्यावर जड होते, म्हणून पिशव्या एका जागी न रचता तुळई व भिंतींच्या बाजूने मांडाव्यात. पावसाळ्यात वर छप्पर हवे, नाहीतर कोकोपीट पाण्याने तुडुंब होऊन मुळे गुदमरतात.

हातात घेऊन पारखण्याची रीतही सोपी आहे. भिजलेले माध्यम मुठीत दाबावे. थोडे थेंब पडावेत आणि मूठ उघडल्यावर ते मोकळे व्हावे. धार लागली तर हवा कमी, आणि कोरडेच राहिले तर उन्हाळ्यात दिवसातून अनेकदा पाणी द्यावे लागेल.

कापडाच्या धंद्यात आपण नमुना पाहिल्याशिवाय गाठोडे उचलत नाही. इथेही तोच नियम पाळावा. दोन-तीन प्रकारचे माध्यम घेऊन दहा कुंड्या एक हंगाम चालवाव्यात, खर्च आणि उतारा वहीत लिहावा. विक्रेत्याने कागदावर दाखवलेला नफा त्या वहीशी जुळला, तरच पुढचे भांडवल बाहेर काढावे.