रक्ताचे नाते, रक्ताची तपासणी

अक्काच्या छातीत गाठ निघाली तेव्हा तिचे वय ३९. आमची अव्वा ४३ व्या वर्षी याच दुखण्याने गेली. घरात सगळे म्हणाले, "हणेबरह! कपाळी लिहिलेलं कोण पुसणार?"

हैदराबादच्या डॉक्टरांनी मात्र ऑपरेशननंतर अक्काला जनुकीय समुपदेशनासाठी पाठवले. बिदरहून पहाटेची बस धरून आम्ही दोघी इमलीबनला उतरलो. समुपदेशक बाईंनी कागदावर घराण्याचा आराखडा काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजार झालेल्यांचे गोल काळे केले. "आईच्या बहिणी?" त्यांनी विचारले. मावशी 'पोटात पाणी होऊन' गेली, एवढेच आम्हाला ठाऊक. मामाकडच्या जुन्या कागदांत सापडले, अंडाशयाचा कर्करोग! तिसरा गोल काळा झाला.

बाईंनी समजावले, स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत पाच-दहांचाच आजार आनुवंशिक असतो. बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ हे १९९५ मध्ये शोधले गेले. पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यात दोष असेल तर प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, तो जाण्याची शक्यता निम्मी. आई किंवा वडील, एकाकडून आला तरी पुरे. नात्यातल्या लग्नामुळे तो तयार होत नाही.

आधी रुग्णाची तपासणी करतात. अक्काच्या रक्तात बीआरसीए-१ चा दोष निघाला. आता पाळी आम्हा भावंडांची.

दादा चिडला. "पुरुषाला काय त्याचं? पोरीचं लग्न व्हायचंय, गावभर करू नका."

अक्का शांतपणे म्हणाली, "अव्वाच्या वेळी कोणी बोललं नाही, म्हणून मला उशीर झाला. तुझ्या पोरीला नको व्हायला."

माझ्यात दोष निघाला नाही. अक्कासमोर हसायलाही लाज वाटली. दादाने गेल्या महिन्यात रक्त दिले. अहवाल यायचा आहे.

दोष निघाला म्हणजे कर्करोग झालाच असे नाही. पण तो असलेल्या शंभर बायकांपैकी साठाहून अधिक जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो. म्हणून लहान वयापासून दरवर्षी एमआरआय, पुढे मॅमोग्राफी, मुले झाल्यावर अंडाशय काढणे असे उपाय सुचवतात. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. हैदराबादेत निम्समध्ये वैद्यकीय जनुकशास्त्राचा विभाग आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातही सोय आहे.

मैत्रिणींनो, सणाला घरचे जमतील तेव्हा थोरामोठ्यांना विचारा, कोण कशाने गेले, कितव्या वर्षी? आणि जुने कागद जपून ठेवा.